नवीन गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही, मग घाटात इंजिनवर लक्ष कसं ठेवायचं?

प्रश्न असा आहे की नवी पेट्रोल गाडी घेतलीय आणि तिच्या मीटरमध्ये टेंपरेचरचा काटाच नाही. थंड असताना निळा दिवा लागतो आणि तापली तर लाल लागेल, एवढंच शोरूममध्ये सांगितलंय. घरी वडिलांची जुनी डिझेल आहे, तिला काटा आहे आणि तो कायम मधोमध असतो, त्यामुळे तिच्यावरच जास्त भरवसा वाटतोय. महिन्यातून एकदा-दोनदा गगनबावड्यावरनं कोकणात जाणं असतंय, तर नव्या गाडीला बाहेरून मीटर बसवून घ्यावा का?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज चालवतो, उन्हाळ्यात तापलेल्या गाड्यांचंच काम जास्त असतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो, बाहेरून मीटर बसवू नका, गरज नाही. आणि वडिलांच्या गाडीचा जो काटा बघून तुम्हाला निवांत वाटतंय ना, खरी काळजी त्या गाडीची करा.

का ते सांगतो. पद्मिनी, अँबॅसेडर, जुनी जीप या गाड्यांत इंजिनवर टेंपरेचर मोजणारा एक सेंडर असायचा आणि त्याची वायर थेट काट्याला जायची. काही जीपना आणि ट्रॅक्टरना तर वायर पण नसायची, इंजिनपासून मीटरपर्यंत एक बारीक तांब्याची नळी, टेंपरेचर वाढलं की नळीतलं प्रेशर वाढणार आणि काटा सरकणार, विजेचा काही संबंधच नाही. पाणी तापलं की काटा वर, घाट उतरायला लागलं की खाली. दिवसभर तो काटा हलत असायचा आणि चालवणाऱ्याला ते माहीत असायचं, काटा कुठवर गेला की थांबायचं हे ज्याचं त्याला ठाऊक.

आत्ताच्या गाडीत तसं राहिलं नाही. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, जो सेन्सर बसवलेला असतो तो म्हणजे एक थर्मिस्टर, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, २० डिग्रीला अडीच किलोओहमच्या आसपास असेल तर ८० डिग्रीला तीनशे ओहमच्या जवळ येतो. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्यावरून टेंपरेचर काढतो आणि पेट्रोल किती मारायचं, ठिणगीचं टायमिंग किती ठेवायचं, फॅन कधी लावायचा हे सगळं त्याच आकड्यावर ठरवतो. म्हणजे ईसीएमकडचा आकडा एकदम नेमका असतो. पण तो आकडा मीटरकडे गेला की तिथलं सॉफ्टवेअर ठरवतं की काटा कुठं उभा करायचा, आणि बहुतेक कंपन्यांनी असं ठेवलंय की साधारण ७५ पासून १०५-११० डिग्रीपर्यंत काही पण असो, काटा मधोमधच. गाडीप्रमाणे हे आकडे थोडे इकडं-तिकडं होतात पण पद्धत हीच. त्याच्या पुढं गेलं की मग काटा उचलतो, आणि उचलला की हळूहळू नाही, एकदम लालकडं जातो.

यात कंपनीचा काही डाव आहे असं मी म्हणणार नाही. इंजिनचं टेंपरेचर दिवसभर दहा-पंधरा डिग्री खालीवर होणं हे नॉर्मल आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, ८२ किंवा ८८ ला उघडायला लागतो, फॅन बऱ्याच गाड्यांत ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो, सिग्नलला उभं राहिलं की वाढतं, हायवेला वारा लागला की उतरतं. हे सगळं खरं खरं काट्यावर दाखवलं की लोक सर्व्हिस सेंटरला यायचे, काटा जरा वर गेला बघा म्हणून, आणि गाडीत काहीच सापडायचं नाही. मग काटा स्थिर केला. आणि स्थिरच ठेवायचा तर काटा कशाला पाहिजे, दोन दिवे पुरे, असा पुढचा हिशोब झाला. खर्च वाचतोच.

ज्योतिबाला चैत्रात गर्दीच्या दिवसांत गेलाय का? गाड्यांची रांग, पहिला गिअर, ऊन रणरणतंय, एसी फुल. अशा चढाला एका गिऱ्हाईकाच्या गाडीत ईसीएमकडचा आकडा दाखवणारा स्कॅनर लावून बसलो होतो, गाडीला काटा होता. स्कॅनरवर ९१, मग ९५, ९९ ला फॅनचा आवाज बदलला, तरी १०३ पर्यंत गेलं, रांग जरा हलली की ९४ वर आलं, परत थांबलो की परत वर. तेवढ्या वेळात डॅशबोर्डवरचा काटा जागचा हलला नाही. इंजिन व्यवस्थित होतं, सगळं जिथल्या तिथं काम करत होतं. पण रेडिएटर अर्धा चोंदलेला असता आणि तेच टेंपरेचर १०८ वर जाऊन बसलं असतं तरी काट्यानं हेच दाखवलं असतं. म्हणून मी म्हणतो की तुमच्या नव्या गाडीचा लाल दिवा आणि वडिलांच्या गाडीचा मधोमध थांबलेला काटा, यातनं मिळणारी माहिती जवळजवळ सारखीच आहे. दिवा बरा एवढ्यासाठी की तो डोळ्यात भरतो, काट्याकडं घाटात कोण बघतंय, रस्त्यावर लक्ष असतंय.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि हे नीट वाचा. काटा असो, दिवा असो, स्कॅनरवरचा आकडा असो, हे सगळं एका सेन्सरवर चालतं आणि तो सेन्सर कूलंटचं टेंपरेचर मोजतो, इंजिनच्या धातूचं नाही. कूलंट आहे तोवर हिशोब बरोबर. पण पाईप फुटून कूलंट रस्त्यावर सांडलं तर सेन्सरच्या टोकाला लागायला पाणीच उरत नाही, तिथं नुसती हवा आणि वाफ. हवेतनं उष्णता तेवढी पोचत नाही, मग आकडा वाढायचा तिथं अडकतो, कधी कधी तर खाली येतो. आणि त्याच वेळी इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, भाजत असतं.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक हॅचबॅक टो करून आली. गगनबावड्याचा करूळ घाट चढताना हीटरच्या पाईपचा प्लॅस्टिकचा जॉइंट तडकला होता. चालवणारे म्हणत होते की काटा शेवटपर्यंत मधेच होता, दिवा लागला नाही, गाडी ओढायची कमी झाली म्हणून अजून जरा रेस दिली आणि मग टकटक आवाज येऊन बंदच पडली. ते खोटं बोलत नव्हते. हेड काढलं, साफ केलं, वर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीखाली फीलर, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं, घालून बघितलं. अशा पेट्रोल इंजिनच्या हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही, इथं दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधे ०.१५ चं पान आरामात जात होतं. ॲल्युमिनियमचं हेड आहे, खालचा ब्लॉक त्याला जागचं हलू देत नाही, बेसुमार तापलं की ते वाकतंच. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, दिलं, गॅसकेट, हेड बोल्ट, ऑईल सील, सगळं बदलायला लागलं. सुरुवात काय तर चारपाचशे रुपयांचा प्लॅस्टिकचा जॉइंट. कोल्हापुरात फेसिंग करणारे चांगले कारागीर आहेत, फाउंड्री आणि मशीनिंगचं गावच आहे हे, म्हणून निभावलं, पण अशी वेळ येऊच नये.

फोर्डनं आपल्या काही इंजिनांत यावर उपाय म्हणून सेन्सर कूलंटमध्ये न ठेवता हेडच्या धातूतच बसवला होता, म्हणजे पाणी गेलं तरी धातूचं टेंपरेचर कळणार. सगळ्यांनी तसं केलं असतं तर मला हे एवढं लिहायला लागलंच नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की टेंपरेचर बघण्याआधी लेव्हल बघा. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडायचं आणि कूलंटची बाटली बघायची, मिनिमम आणि मॅक्झिममच्या मधे आहे का. आठवड्यातनं एकदा, आणि घाटाला निघायच्या आधी नक्की. गाडी चांगली असेल तर लेव्हल महिनोन्‌महिने जागची हलत नाही. हलली म्हणजे कुठंतरी गळती आहे, वरून टाकून विषय संपवू नका. वॉटर बॉडीच्या, म्हणजे वॉटर पंपाच्या खाली, होज पाईपच्या क्लिपजवळ, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी डाग वाळलेला दिसला की तिथनं जातंय समजा. बाहेर कुठंच डाग नाही आणि तरी कमी होतंय, शिवाय सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधनं पांढरा धूर बराच वेळ येतोय, तर हेड गॅसकेट तपासून घ्या.

कॅपकडं पण लक्ष द्या, लोक तिला नुसतं झाकण समजतात. ती कुकरच्या शिट्टीसारखं काम करते, आतलं प्रेशर धरून ठेवते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, उघड्या भांड्यात इथं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. पण १.१ बारची कॅप आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर तेच मिश्रण १२५ च्या पुढंपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की १०५ ला पण उकळी फुटून बाहेर यायला लागतं, इंजिनमध्ये काही दोष नसताना. नवीन कॅप स्वस्तात मिळते. आणि तापलेल्या इंजिनची कॅप कधीच उघडायची नाही, हातावर तोंडावर उकळतं पाणी येतं, भाजलेली माणसं बघितलीत मी.

बोअरचं पाणी भरू नका, क्षार धरतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. तयार मिक्स केलेलं कूलंट मिळतं तेच घ्या. रंग बघून घेऊ नका, रंगाला काही एक नियम नाही, पुस्तकात जो प्रकार दिलाय तो घ्या. रेडिएटर बाहेरनं पण बघा. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागनं गाडी चालवली की पाचटाचा भुगा, किडे, धूळ सगळं एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधे जाऊन बसतं, पुढनं बघितलं तर दिसत पण नाही. कमी प्रेशरच्या पाण्यानं इंजिनच्या बाजूनं पुढं धुऊन घ्यायचं, प्रेशर वॉशर जवळ धरला की जाळीच्या पात्या वाकतात.

आता आकडा बघायचाच असेल तर. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा, म्हणजे स्कॅनर जोडायचा, सोळा पिनांचा पोर्ट असतोच तुमच्या गाडीला. त्यात लावायचा ब्लूटूथचा डोंगल हजाराच्या आतबाहेर मिळतो, मोबाईलवर ॲप टाकलं की ईसीएमकडचा खरा आकडा दिसतो, काट्यासारखा गुळगुळीत केलेला नाही. वायर कापायची नाही, होज पाईप कापून मधे टी बसवायचा नाही, वॉरंटीचा प्रश्न सहसा येत नाही. बाहेरचा मीटर बसवताना हे पाईप कापणं होतं आणि गळतीची एक नवीन जागा तयार होते, म्हणून मी नको म्हणालो. डोंगल गाडी लावून ठेवताना काढून ठेवत जा, बॅटरी थोडी थोडी खात राहतो. आणि आकडा बघायला शेजारी बसलेल्याला सांगा, चालवताना मोबाईलकडं बघू नका, करूळच्या वळणांवर तर अजिबात नाही.

सुरुवातीचे काही दिवस नुसतं बघा की आपल्या गाडीचं नॉर्मल काय आहे. हायवेला कागलकडं जाताना किती, गावात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला किती, घाटात किती, फॅन कितीला लागतो कितीला बंद होतो. हे एकदा डोक्यात बसलं की मग वेगळं काही झालं तर लगेच कळतं. समजा फॅन लागल्यावर पूर्वी पटकन पाच-सहा डिग्री उतरायचं आणि आता उतरतच नाही, तर लाल दिव्याची वाट बघू नका, गाडी दाखवून घ्या. एकदम उणे ४० दाखवलं तर घाबरू नका, सेन्सरचा कनेक्टर निघालाय किंवा वायर तुटलीय, अशा वेळी बऱ्याच गाड्या फॅन कायम चालू ठेवतात.

आकड्याचा अजून एक उपयोग आहे आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही, तो म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही हे कळणं. आपल्याकडं एक जुनी सवय आहे, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, पाणी मोकळं फिरू दे म्हणायचं. मला याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट काढला किंवा उघडा अडकला की हायवेला इंजिन ६५-७० वरच फिरत राहतं. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त मारत राहतो, ॲव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली ऑईलमध्ये उतरतं. बीएस ६ डिझेलला तर अजून वाईट, इंजिन नीट तापल्याशिवाय डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई सुरूच होत नाही आणि मग डीपीएफ चोंदल्याचा दिवा लागतो. गिऱ्हाईक डीपीएफच्या खर्चाला घाबरलेला असतो आणि मूळ दुखणं थर्मोस्टॅटमध्ये. स्कॅनरवर पी ०१२८ कोड आला तर तो बहुतेक वेळा हाच विषय. तुमच्या निळ्या दिव्याचा पण उपयोग इथंच आहे, तो नेहमीपेक्षा फार उशिरा विझायला लागला तर दुर्लक्ष करू नका. आणि निळा आहे तोवर रेस मारायची नाही, तो विझला म्हणजे कूलंट गरम झालं, ऑईल गरम व्हायला त्याच्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून दिवा विझल्यावर पण थोडा वेळ निवांतच चालवा.

घाटात लाल दिवा लागला किंवा लुकलुकायला लागला तर काय करायचं ते पण लिहितो. एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, उन्हाळ्यात हाल होतील पण हीटरचा रेडिएटर म्हणजे एक जादाचा रेडिएटरच आहे, इंजिनमधली उष्णता आत ओढतो. यातनं अजून एक गोष्ट कळते, इंजिन तापलंय आणि हीटरमधनं थंड हवा येतेय तर कूलंट गेलंय, एक मिनिट पण चालवू नका. पहिली सुरक्षित जागा बघून थांबा, पुढच्या हॉटेलपर्यंत नेऊ असं करायचं नाही. वाफ येत असेल, खाली पाणी सांडत असेल तर तिथंच इंजिन बंद. वाफ नाही, गळती नाही, फॅन फिरतोय, तर न्यूट्रलला थोडा वेळ चालू ठेवा, पाणी फिरत राहतं आणि बऱ्याच वेळा दिवा विझतो. मिनिटभरात नाही विझला तर बंद करा. मग अर्धा-पाऊण तास खरंच थांबा, इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. गार झाल्यावर कॅप फडक्यानं धरून हळूहळू सोडा, लेव्हल बघा, कूलंट नसेल तर साधं पिण्याचं पाणी चालेल त्या वेळेपुरतं, पण का कमी झालं ते कळल्याशिवाय परत घाट चढू नका.

राहिली वडिलांची डिझेल. तिचं वय झालंय, रबराचे होज आणि प्लॅस्टिकचे जॉइंट उन्हानं-उष्णतेनं कडक झालेले असणार, आणि काटा कायम मधोमध असतो हे तुम्हीच सांगताय, म्हणजे तो पण गुळगुळीत केलेलाच आहे. त्या गाडीला मी दोन गोष्टी सुचवेन. सगळे होज आणि कॅप एकदा बदलून घ्या, थर्मोस्टॅट आत आहे का नाही ते पण बघून घ्या. आणि बाहेरून काही बसवायचंच असेल तर टेंपरेचर मीटरपेक्षा कूलंट लेव्हलचा अलार्म बसवा, किंवा हेडच्या बोल्टखाली बसतो तो रिंगसारखा सेन्सर आणि त्याचा बझर. तो धातूचं टेंपरेचर बघतो, त्यामुळं पाणी गेलं तरी ओरडतो. वायरिंग चांगल्या इलेक्ट्रिशियनकडनं फ्यूज टाकून करून घ्या आणि बझरचा आवाज वडिलांना नीट ऐकू येईल अशा जागी बसवायला सांगा.